बंद दाराआडचे इतिवृत्त

कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. शेवटचाही ठरलेलाच असतो: 'मा. अध्यक्षांच्या अनुमतीने आयत्या वेळी येणारे विषय'. या दोहोंच्या मध्ये काय घडते ते सभेला हजर असलेल्यांनाच ठाऊक, आणि पुढच्या सभेत त्यातले किती 'कायम' होते हे बहुधा सदस्य-सचिवांच्या लेखणीवर अवलंबून. गावच्या सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत यालाच 'प्रोसिडिंग लिहिणे' म्हणतात. प्रोसिडिंगच्या वहीत दोन ओळी कोऱ्या सोडण्याचे मोल जाणणारे चिटणीस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एक जण अभ्यासमंडळावर सदस्य असताना पदवीच्या अभ्यासक्रमातून बखर-वाङ्मयाची अभ्यासपत्रिका वगळण्याचा विषय निघाला. दार लावून तासभर वादावादी झाली. दोघा सदस्यांनी स्पष्ट विरोध केला, कारणे दिली, एकाने तर बरोबर आणलेली पुस्तके टेबलावर मांडली. पुढे इतिवृत्त हाती आले तेव्हा त्यात एकच वाक्य होते: 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मान्य करण्यात आले.' चर्चा सविस्तर होती यात शंका नाही. पण 'सर्वानुमते' या एका शब्दाने दोन माणसे सभेतून उठवून बाहेर काढली होती.

प्रसंग लहानच आहे आणि त्याचे दुःख आम्ही उगाळत बसणार नाही. पण त्या शब्दापाशी आम्ही अडखळलो आणि मग प्रश्न पडत गेले. बंद दाराआड जे बोलले जाते त्याची नोंद कोणी ठेवावी? कशी ठेवावी? कोणासाठी ठेवावी? मुळात जे गुप्त ठेवायचे ते लिहायचे तरी कशाला? राज्ये, मंत्रिमंडळे, घटनासमित्या यांनी या प्रश्नांना वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांतल्या काहींचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

खलबतांची गुप्तता ही काही आधुनिक बाब नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्राच्या म्हणजे मसलतीच्या रक्षणाविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे. मसलतीची जागा सर्व बाजूंनी बंदिस्त असावी, आतला आवाज बाहेर जाऊ नये, पक्ष्यांनाही आत डोकावता येऊ नये असे कौटिल्य बजावतो. कारणही देतो: पोपट, मैना, कुत्रा अशा प्राण्यांनीही मसलती फोडल्याचे ऐकिवात आहे. आपल्या भाषेत गुपित 'षट्कर्णी' होते ते याच परंपरेतून. दोघांत असेल तोवर चार कान, तिसरा आला की सहा, आणि सहा कान झाले की गुपित संपले. एवढ्या बारकाईने विचार करणाऱ्या या परंपरेने लिखित नोंदीपेक्षा मौनाची काळजी अधिक वाहिली. मसलत फुटू नये हा तिचा ध्यास होता. उद्याच्या माणसाला ती कळावी याची चिंता तिने फारशी केली नाही.

जिथे नोंद नसते तिथे मग बखरकार येतो. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंच्या छावणीत गनिमी काव्याने लढावे की तोफखान्याच्या बळावर समोरासमोर, यावर सरदारांची जी खडाजंगी झाली ती 'भाऊसाहेबांच्या बखरी'त संवादरूपाने येते. मल्हारराव काय बोलले, सूरजमल जाटाने काय सल्ला दिला, भाऊंनी कोणाचा कसा अवमान केला, हे सारे बखरकार असे सांगतो की जणू तो कनातीआड उभा राहून ऐकत होता. वाङ्मय म्हणून ती पाने अपूर्व आहेत. पण वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातील पत्रांचा, आणि त्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर प्रहार केले. पत्र त्या दिवशीचे असते, बखर मागाहूनची. हा भेद राजवाड्यांनी आपल्याला शिकवला. गुप्त मसलतीच्या बाबतीत तो आणखी तीव्र होतो, कारण तिथे पडताळा पाहायला तिसरा माणूसच नसतो.

आता आपण दूरच्या एका बंद दारापाशी जाऊ. साल १७८७. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर. तेरांपैकी बारा राज्यांनी प्रतिनिधी पाठवले होते. ऱ्होड आयलंडने पाठवले नाहीत. २५ मे रोजी गणसंख्या पूर्ण झाली, आणि जुन्या करारनाम्यात दुरुस्ती करण्यासाठी म्हणून जमलेली ही मंडळी १७ सप्टेंबरपर्यंत बसून एक नवे संविधान घेऊन बाहेर पडली. एकूण ५५ प्रतिनिधींनी भाग घेतला, ३९ जणांनी सह्या केल्या. सुरुवातीलाच त्यांनी नियम केला की सभागृहात जे बोलले जाईल ते परवानगीवाचून छापायचे नाही, प्रसिद्ध करायचे नाही, कोणाला कळवायचे नाही. दारावर पहारे बसले. ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या होत्या असे सांगतात. एकदा कोणा प्रतिनिधीच्या हातून ठरावांचा एक कागद बाहेर पडला आणि तो अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापर्यंत पोचला. दिवसाचे काम संपल्यावर वॉशिंग्टन यांनी सर्वांना खडसावले आणि ज्याचा असेल त्याने न्यावा म्हणून तो कागद टेबलावर टाकून ते निघून गेले. न्यायला कोणी पुढे आले नाही. ही आठवण विल्यम पिअर्स या प्रतिनिधीने लिहून ठेवली आहे.

सभेला अधिकृत सचिव होता, विल्यम जॅक्सन. त्याची नोंद म्हणजे आपल्या परिचयाचे इतिवृत्त: अमुक ठराव मांडला गेला, इतक्या राज्यांनी होकार दिला, इतक्यांनी नकार. कोण काय बोलले आणि का बोलले याचा त्यात मागमूस नाही. सभा संपल्यावर उरलेले सुटे कागद त्याने जाळून टाकले आणि नोंदवही वॉशिंग्टन यांच्या स्वाधीन केली. ती छापली जायला १८१९ साल उजाडले. एवढीच सामग्री आपल्या हाती आली असती तर त्या चार महिन्यांविषयी आपल्याला बखरींवर विसंबावे लागले असते.

तसे झाले नाही, कारण व्हर्जिनियाचा एक छत्तिशीतला प्रतिनिधी, जेम्स मॅडिसन, पहिल्याच दिवशी अध्यक्षांसमोरची जागा धरून बसला होता. सभेपूर्वी त्याने प्राचीन ग्रीक संघराज्यांचा आणि युरोपातील अलीकडच्या संघांचा अभ्यास केला होता. ती राज्ये कोणत्या हेतूने, कोणत्या वादांतून उभी राहिली हे शोधताना नोंदींचा अभाव त्याला जाणवला. जे आपल्याला मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे एवढ्यासाठी त्याने हे काम अंगावर घेतले. सभा चालू असताना संक्षेपाने टिपणे घ्यायची आणि मागाहून ती विस्ताराने लिहून काढायची, असा क्रम त्याने अखेरपर्यंत पाळला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो एकही दिवस गैरहजर राहिला नाही. हे सर्व गुप्ततेचा नियम मोडून नव्हे. टिपणे त्याने जवळच ठेवली. आपल्या हयातीत ती प्रसिद्ध करण्यास तो राजी नव्हता. १८३६ च्या जून महिन्यात, त्या सभेचा शेवटचा हयात प्रतिनिधी म्हणून, तो वारला. त्याच्या पत्नीकडून काँग्रेसने ती टिपणे ३०,००० डॉलरना विकत घेतली आणि १८४० मध्ये ती छापली गेली. ५३ वर्षांनी दार उघडले.

आत काय दिसले? संविधानाच्या मूळ मसुद्यात 'गुलाम' हा शब्द कोठेही नाही. लोकसंख्या मोजताना 'इतर व्यक्तीं'ना तीन-पंचमांश धरावे, अमुक 'व्यक्तीं'च्या आगमनावर १८०८ पूर्वी बंदी घालू नये, अशी आडवळणाची भाषा तेवढी आहे. नुसता दस्तऐवज वाचणाऱ्याला वाटावे की हा विषय कोणाच्या ध्यानातच आला नाही. मॅडिसनच्या टिपणांनी दाखवले की तो पुरेपूर ध्यानात होता. ८ ऑगस्टला गुव्हर्नर मॉरिसने गुलामगिरीवर प्रखर हल्ला केला. २१ ऑगस्टला दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन रटलेजने सरळ सांगितले की या प्रश्नाशी धर्माचा वा माणुसकीचा काही संबंध नाही, राष्ट्रे हिताच्या हिशेबाने चालतात. २५ ऑगस्टला खुद्द मॅडिसन म्हणाला की माणसांवर मालकी असू शकते ही कल्पना संविधानात मान्य करणे चुकीचे होईल. म्हणजे शब्द टाळला गेला तो अजाणता नव्हे. हे बोलणारा मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता, हेही त्याच नोंदीशेजारी ठेवून वाचावे लागते.

या पानांचा परिणाम केवळ अभ्यासकांपुरता राहिला नाही. १८४४ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीतील वेन्डेल फिलिप्स यांनी मॅडिसनच्या कागदांतील उतारे एकत्र करून प्रसिद्ध केले आणि हे संविधान म्हणजे गुलामगिरीशी केलेला सौदा आहे, असे त्या सभेच्याच तोंडून वदवून घेतले. चळवळीतल्या इतरांनी त्याच संविधानाचा उलट अर्थ लावला, आणि तो वाद पुढे बराच काळ चालला. पण वाद घालायला आता जमीन होती.

दोन गोष्टी मात्र विसरता कामा नयेत. एक, गुप्ततेमुळेच ते संविधान होऊ शकले असे मॅडिसनचे उतारवयातही मत होते. दार उघडे असते तर प्रत्येक जण पहिल्या दिवशीच्या मताला चिकटून बसला असता, चर्चेने कोणाचे मन वळले नसते, असे त्याचे म्हणणे. त्याचा मित्र जेफर्सन त्या वेळी पॅरिसमध्ये होता. त्याने मात्र प्रतिनिधींच्या जिभा बांधण्याचा हा पायंडा निंद्य असल्याचे तेव्हाच एका पत्रात लिहिले होते. दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. मेरी सारा बिल्डर या कायद्याच्या इतिहासकार विदुषीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हस्तलिखितांच्या तपासणीवरून दाखवले की मॅडिसनने आपली टिपणे पुढे अनेक वर्षे दुरुस्त केली, काही पाने बदलली, स्वतःची भूमिका थोडीशी सावरून घेतली. म्हणजे ज्याला आपण त्या दिवशीचे पत्र समजत होतो त्यात बखरीचा अंश होता. राजवाड्यांना हे वाचून आश्चर्य वाटले नसते.

आता लंडन. ज्या इंग्रजी राज्याने हिंदुस्थानात कागदांचे डोंगर उभे केले, त्याच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त १९१६ पर्यंत लिहिले जात नव्हते, हे आज खरे वाटणार नाही. पंतप्रधान बैठकीनंतर राजाला स्वहस्ते एक पत्र लिही, तेवढीच काय ती नोंद. परिणाम असा की १८८२ साली ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातील लॉर्ड हार्टिंग्टनच्या खाजगी सचिवाला पंतप्रधानांच्या सचिवाकडे विचारणा करावी लागली, की काल बैठकीत नेमके ठरले तरी काय? दोन मंत्री येऊन भांडताहेत, दोघांचे जुळत नाही, आणि आमच्या साहेबांनाही काही उमगलेले नाही. गुप्तता एवढी चोख की खुद्द मंत्र्यांपासूनही निर्णय गुप्त राहिला! पुढे पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ बैठक चालू असतानाच व्हेनेशिया स्टॅन्ली या तरुण मैत्रिणीला पत्रे लिहीत आणि त्यांत ऐन महायुद्धातील गुपिते मोकळेपणाने सांगत. अधिकृत नोंद नसलेल्या त्या बैठकांविषयी आज इतिहासकार त्या खाजगी पत्रांकडे वळतात. नोंद रोखली म्हणजे गुपित राखले गेले, हा समज किती भाबडा आहे याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

डिसेंबर १९१६ मध्ये लॉईड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि मॉरिस हँकी या सचिवाने युद्धमंत्रिमंडळाचे इतिवृत्त लिहायला सुरुवात केली. ती प्रथा पुढे कायम झाली. तिच्यामुळेच आज आपल्याला कळते की १४ ऑगस्ट १९१७ च्या बैठकीत हिंदुस्थानविषयक घोषणेचा मजकूर मंजूर झाला. त्यात 'जबाबदार राज्यपद्धती' हे शब्द घातले ते लॉर्ड कर्झन यांनी. सहा दिवसांनी माँटेग्यू यांनी पार्लमेंटात वाचून दाखवली ती हीच घोषणा. आपल्याकडे शाळेपासून शिकवला जाणारा हा 'माँटेग्यूचा जाहीरनामा' शब्दाने कर्झनचाही आहे, आणि हा कर्झन म्हणजे बंगालच्या फाळणीचा कर्झन. बंद दाराआडची एक ओळ कळली की पाठ्यपुस्तकातले एक नाव असे हलते.

हँकीची पद्धत काटकसरीची होती. मुद्दे, युक्तिवाद, निर्णय यांना जागा होती, रागलोभांना फारशी नाही. पण मंत्रिमंडळाच्या सचिवांच्या हस्तलिखित वह्याही असत, आणि त्यांत कोण काय म्हणाले याची तुटक नोंद असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील नॉर्मन ब्रुक यांच्या अशा वह्या २००६ पासून खुल्या होऊ लागल्या. एकाच बैठकीच्या दोन नोंदी, एक कायम केलेली आणि एक कच्ची. त्यांतील अंतर हाच आता अभ्यासाचा विषय झाला आहे. ब्रिटनने कागद खुले करण्याची मुदतही पायरीपायरीने खाली आणली. १९५८ च्या कायद्यात ती ५० वर्षे होती, १९६७ मध्ये ३० झाली आणि २०१० च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने २० करण्याचे ठरले. निकोलस मॅन्सर्ग यांच्या संपादनाखाली १९७० ते १९८३ या काळात निघालेले सत्तांतराच्या कागदपत्रांचे १२ खंड या वातावरणातच शक्य झाले. आपल्या फाळणीचा अभ्यास त्या खंडांवाचून आज पुढे जात नाही.

लेखणीची जागा यंत्राने घेतली तेव्हा काय झाले? येथे आपल्याला पुन्हा अमेरिकेत, आणि आपल्याच उपखंडाच्या संदर्भात, जावे लागते. १९७१. पूर्व पाकिस्तानात कत्तली चालू होत्या, निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. डिसेंबरमध्ये युद्ध पेटले तेव्हा वॉशिंग्टनमध्ये किसिंजर यांच्या अध्यक्षतेखाली एका खास कृतिगटाच्या बैठका होत. ३ डिसेंबरच्या बैठकीत किसिंजर यांनी सहकाऱ्यांना सांगितले की अध्यक्षांना पाकिस्तानच्या बाजूला झुकाव हवा आहे. बाहेर पत्रकारांना मात्र सरकार भारतविरोधी नसल्याचे सांगितले जात होते. बैठकीला हजर अधिकाऱ्यांनी लिहिलेली इतिवृत्ते जॅक अँडरसन या पत्रकाराच्या हाती पडली आणि काही आठवड्यांतच ती वृत्तपत्रांत झळकली. अँडरसन यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पण त्याच वेळी त्याहून मोठी नोंद मुकाट्याने होत होती. फेब्रुवारी १९७१ पासून निक्सन यांच्या कचेरीत आवाजाबरोबर आपोआप चालू होणारी ध्वनिमुद्रण यंत्रणा बसवली होती. पुढे ती दूरध्वनीवर आणि मंत्रिमंडळाच्या दालनातही गेली. सुमारे ३,७०० तासांचे ध्वनिमुद्रण तिने केले. आपण इतिहासाची मालकी आपल्याकडे ठेवत आहोत अशी निक्सन यांची समजूत असावी. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफील्ड या माजी सहाय्यकाने साक्षीत यंत्रणेचे अस्तित्व उघड केले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी ध्वनिफिती हजर करण्याचा आदेश दिला. २३ जून १९७२ च्या संभाषणातून निक्सन यांनी वॉटरगेटचा तपास दडपण्याची खटपट केल्याचे सिद्ध झाले आणि ९ ऑगस्टला त्यांना पायउतार व्हावे लागले. एका ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटे नुसतीच खरखर आहे. प्रोसिडिंगच्या वहीतल्या कोऱ्या ओळींचे हे यांत्रिक रूप म्हणायला हरकत नाही.

इंदिरा गांधी ४ नोव्हेंबर १९७१ रोजी निक्सन यांना भेटल्या. दुसऱ्या दिवशी निक्सन आणि किसिंजर त्यांच्याविषयी आणि भारतीयांविषयी ज्या भाषेत बोलले ती या लेखात द्यावी अशी नाही. २००५ मध्ये ते संभाषण खुले झाले तेव्हा किसिंजर यांनी खेद व्यक्त केला. गॅरी बॅस यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात या ध्वनिफितींचा कसून उपयोग करून दाखवले की ढाक्यातील आपल्याच वकिलातीकडून येणारे कत्तलींचे अहवाल वॉशिंग्टनने कसे बाजूला सारले. एवढे उघडे सत्य कोणत्याही सचिवाने लिहिले नसते. शिव्या, खोकले, कागदांची सळसळ यांसह जे यंत्राने टिपले त्याला 'सविस्तर चर्चेअंती' असे म्हणता येत नाही.

मग उत्तर सोपे झाले का? प्रत्येक बंद खोलीत यंत्र बसवावे म्हणजे झाले? अमेरिकेने काही अंशी ते करून पाहिले. निक्सन-प्रकरणानंतर १९७६ मध्ये तिथे केंद्रीय मंडळांच्या बैठकांविषयी कायदा झाला. बैठक बंद ठेवायची असेल तर काही अपवाद सोडून तिची शब्दशः नोंद वा ध्वनिमुद्रण करणे त्याने बंधनकारक केले. इलिनॉय राज्याने २००४ पासून स्थानिक संस्थांच्या बंद बैठकांना तोच नियम लावला: ध्वनिमुद्रण करायचे, ते गुप्तच ठेवायचे, पण कायदा मोडल्याची तक्रार न्यायालयात गेली तर न्यायाधीश ते एकांतात ऐकू शकतो. लेखी इतिवृत्त मंजूर झाल्यावर, १८ महिन्यांनंतर ते नष्ट करता येते. ही नोंद इतिहासासाठी नाही, केवळ धाकासाठी आहे. तरी लिहिणाऱ्याच्या लेखणीवर कोणीतरी पहारा बसवला, हेही थोडके नाही.

उलट बाजूचा अनुभवही तिथलाच आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची पतधोरण समिती १९७६ पर्यंत चर्चेचा सविस्तर गोषवारा ठेवी. तो बंद झाल्यावरही इतिवृत्तासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेले शब्दशः वृत्त कपाटात पडून होते, आणि बहुतेक सदस्यांना त्याचा पत्ता नव्हता. १९९३ मध्ये हे उघडकीस आले आणि पाच वर्षांनी सारे वृत्त खुले करण्याची प्रथा पडली. आपला शब्द जगापुढे येणार हे ठाऊक नसतानाचे आणि ठाऊक झाल्यानंतरचे बोलणे अभ्यासकांना असे आयतेच शेजारी ठेवता आले. उत्तर संमिश्र निघाले. सदस्य अधिक तयारीने येऊ लागले, पण विरोधाचा सूर खाली आला. विशेषतः नवे सदस्य वरिष्ठांच्या मताशी जुळवून घेऊ लागले, लिहून आणलेली निवेदने वाढली. मॅडिसनची भीती अगदीच निराधार नव्हती.

आपल्याकडे काय आहे? संविधान सभेची मुख्य चर्चा उघड झाली आणि छापली गेली. पण बरेचसे काम समित्यांमध्ये, बंद दाराआडच, झाले. तरीही त्या समित्यांनी टिपणे, इतिवृत्ते आणि भिन्नमतपत्रिका जपल्या. बी. शिवराव यांच्या संपादनाखाली १९६६ ते १९६८ दरम्यान त्या पाच खंडांत निघाल्या. मूलभूत अधिकारांच्या उपसमितीने समान नागरी कायद्याचा हक्क न्यायालयात मागता येण्याजोगा मानला नाही, तेव्हा मिनू मसानी, हंसा मेहता आणि राजकुमारी अमृत कौर यांनी एप्रिल १९४७ मध्ये आपले भिन्नमत लिहून दिले. पाच ते दहा वर्षांत हा हक्क द्यावा, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य झाले नाही. त्या मताच्या बाजूचे असोत वा विरुद्ध, आज या प्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या पानाशी यावे लागते. देश फाळणीच्या उंबरठ्यावर असतानाही तिघांचे वेगळे मत 'सर्वानुमते' खाली गाडावे, असे त्या समितीला वाटले नाही.

पुढची वाट मात्र सरळ नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहे, आणि तिथे अध्यक्षांखेरीज कोणालाही नोंद ठेवण्याची मुभा नाही. मॅडिसन आज तिथे दोषी ठरला असता! १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी गुप्त बैठकीची सूचना पुढे आली होती. नेहरूंनी ती मानली नाही आणि चर्चा उघडपणे झाली, ही जमेची बाजू. मंत्र्यांनी राष्ट्रपतींना दिलेल्या सल्ल्याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही असे संविधानाचे अनुच्छेद ७४(२) सांगते. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्ला आणि त्यामागची सामग्री यांत भेद केला आणि सामग्री पाहण्याचा मार्ग मोकळा केला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मंत्रिमंडळातील चर्चेच्या नोंदी वगळल्या, पण निर्णय झाल्यावर आणि विषय पूर्ण झाल्यावर निर्णय, त्याची कारणे आणि आधारभूत सामग्री खुली करण्यास सांगितले. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, २००२ मध्ये, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती बंद खोलीतच बसते, पण १४ व्या दिवशी तिचे इतिवृत्त प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी, कारणांसह असते. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे नाही.

या सर्व उदाहरणांतून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. गुप्तता आणि नोंद या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. 'आज सांगू नये' आणि 'कधीच लिहू नये' ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत, आणि सत्तेला त्यांची गल्लत करणे सोयीचे असते. मन वळण्यासाठी, चूक कबूल करण्यासाठी माणसाला थोडा आडोसा लागतो, तो द्यावा. पण आडोशाला मुदत हवी, आणि आत जे घडले ते लिहिणारा कोणी हवा. तोही निर्दोष नसेल. मॅडिसन आपली पाने बदलील, सचिव शब्द गाळील, यंत्र साडेअठरा मिनिटे मुके होईल. म्हणून एकच नोंद कधी पुरत नाही. कच्ची आणि पक्की, पत्र आणि बखर, दोन्ही जपावी लागतात. निदान ज्याचे मत वेगळे होते त्याचे नाव तरी राहिले पाहिजे. बहुमताचा निर्णय अंमलात येतोच. अल्पमताला मात्र त्या कागदाखेरीज दुसरे घर नसते.

अभ्यासमंडळाच्या पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे पुकारला गेला तेव्हा आमच्यापैकी जो सदस्य होता त्याने हरकत घेतली. निर्णय झालाच आहे, आता शब्दाने काय फरक पडतो, असे त्याला विचारले गेले. प्रश्न रास्त होता आणि त्याला तिथल्या तिथे फारसे चांगले उत्तर सुचले नाही. थोड्या कुरबुरीनंतर 'सर्वानुमते' खोडून 'बहुमताने' लिहिले गेले आणि पुढे एक ओळ आली: 'दोन सदस्यांनी भिन्नमत नोंदवले.' बखरीची अभ्यासपत्रिका काही परत आली नाही. ती ओळ मात्र त्या वहीत आहे, आणि इतिवृत्त वाचून कायम झाले आहे.